बिरू मॉनिटरची पंगत

आमचा बिरू लग्नाला आला की नवरा-नवरीकडं ढुंकून बघत नाही. अक्षता पडल्या की तो थेट पंगतीत शिरतो, कोण कुठं बसलंय ते बघतो आणि फौजेतल्या आवाजात ओरडतो, "आपापल्या बाकावर!"

त्याबरोबर पन्नाशी ओलांडलेली, पोटं सुटलेली, सुना-जावई आलेली माणसं निमूट उठतात आणि आटपाडीच्या शाळेत दहावीला ज्या क्रमानं बसायचो, त्या क्रमानं पुन्हा बसतात. बायकांच्या पंगतीत मात्र त्याचं काही चालत नाही. आमच्या रांगेत यायचं न्हाई, असं वर्गातल्या पोरींनी त्याला शाळेतच बजावून ठेवलं होतं.

बिरू आमचा मॉनिटर. शाळा सुटली, तो फौजेत गेला, पेन्शन घेऊन परत आला. पण मॉनिटरकी काही त्यानं सोडली नाही. वर्गातला अशोक आता सांगलीला विश्रामबागेत दातांचा डॉक्टर आहे. एका लग्नात तो कुणा बड्या साहेबाशेजारी बसला. बिरूनं त्याचं भरलेलं ताट उचललं आणि सलीमशेजारी नेऊन ठेवलं.

"आरं, ते साहेब काय म्हणतील?" अशोक कुजबुजला.

"साहेब आपल्या वर्गात हुते का?"

सलीमचं आटपाडीत भांड्यांचं दुकान आहे. तो सरकून म्हणाला, "ये डॉक्टर. तसंबी माझी दाढ लय ठणकतीया. जेवता जेवता बघ."

लोकांना याचं हसू येतं. मला येत नाही, कारण माझा बाक शेवटचा.

दहावीच्या वर्षी आमची मेंढरं घाटाखालनं परतायला उशीर झाला आणि मी शाळेत पोचलो तवा सगळे बाक भरले होते. गुरुजी म्हणाले, "मागं जागा हाय, बस." बसलो. तेव्हापासून बसलोच आहे. त्यानंतर मी लोणंदच्या बाजारात हमाली केली, कांद्याची पारख शिकलो, स्वतःचा गाळा घेतला. आज माझ्याशी भाव करताना भलेभले व्यापारी घाम पुसतात. पण लग्नात मी पंगतीच्या पार टोकाला, हात धुवायच्या नळाजवळ. वाढपी तिथवर येईतो जिलेबीचा चुरा झालेला असतो आणि मठ्ठ्यात नुसती मिरची तरंगत असते.

मी बिरूशी घासाघीस करून पाहिली. पहिला बाक मागितला, मग मधला, मग निदान नळापासून दोन माणसं अलीकडं. तो आपला एकच, "बाक बदलायचा तर गुरुजींची परवानगी आण."

"गुरुजी वारले की रं!"

"मग न्हाई जमायचं."

एकदा माझं डोकं फिरलं. भर पंगतीत मी पत्रावळ भिरकावली. बिरूनं शांतपणे नवी आणून ठेवली. तिथंच, नळाजवळ!

म्हणून यंदा पोरीचं लग्न सांगलीत ठरलं, तेव्हा मी डाव टाकला. बुफे ठेवला. सगळ्यांनी उभ्यानं जेवायचं. ना पंगत, ना टोक. बायको म्हणाली, "आवं, म्हातारी माणसं ताट धरून उभी ऱ्हायची का?" मी म्हणालो, "खुर्च्या ठेवू. पण पंगत न्हाई म्हंजे न्हाई!"

बिरू कार्यालयात आला, जेवणाच्या दालनात शिरला आणि दारातच थबकला. मी मुद्दाम समोर जाऊन उभा राहिलो.

"काय मॉनिटर? लाव की बाक!"

त्यानं बाजूचं एक रिकामं ताट उचललं. मला इतकं बरं वाटलं की मी उभ्या उभ्या तीन जिलेब्या खाल्ल्या, अख्ख्या.

थोड्या वेळानं पाहतो, तर अशोक सांगलीच्या डॉक्टरांच्या घोळक्यात हसत होता. सलीम एका खांबाशी एकटाच जेवत होता. बाकीचे असेच कुठं कुठं पांगलेले. बिरू रिकामं ताट घेऊन एकेका घोळक्याजवळ जायचा, जरा थांबायचा, पुढं सरकायचा. शेवटी माझ्याकडं आला.

"म्हादा, तुला पयल्या बाकावर बसवतो. पर पंगत लाव."

बाजारात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळते. अडून बसलेला माणूस एकदम खाली आला, की त्याची काहीतरी अडचण असते.

"काय झालं रं?"

"काय न्हाई." त्यानं ताट एका हातातनं दुसऱ्या हातात घेतलं. "हितं कुणाशेजारी हुबं ऱ्हायचं, त्येच कळंना गड्या. ही गेल्यापास्नं घरी एकट्यानंच जेवतो. हिची खुर्ची बी पोरानं पुण्याला न्हेली, घरात उगाच जागा अडती म्हणून. मला वाटलं, आज तरी..."

मी तडक मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, आता सतरंज्या अंथरता येणार नाहीत, नियम नाही. त्याच्याशी मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. सतरंज्या आल्या.

"आपापल्या बाकावर!" बिरू ओरडला. अशोक सांगलीच्या डॉक्टरांना तसंच सोडून सलीमशेजारी येऊन बसला. मांड्या घालताना सगळ्यांचे गुडघे वाजले. माझी पाळी आली, तेव्हा बिरूनं पहिल्या जागेकडं बोट केलं.

"मी कुठं बसायचं ते तू ठरवणार व्हय रं?" असं खेकसून मी तरातरा टोकाला गेलो. तिथनं अख्खी पंगत दिसत होती. सगळे बसले होते, बिरू तेवढा उभा होता. वर्गात फळ्याशेजारी उभा राहायचा, तसा. इतक्या लग्नांत तो जेवायला कुठं बसतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी सरकून जागा केली. "ये. बस."

"मॉनिटर बसत न्हाई."

"बस म्हणतो न्हवं!"

तो आला. पाय दुमडून बसला, ताट सरळ केलं. वरण-भात आला. मी पहिला घास उचलला, तसा तो माझ्या हाताकडं बघून हळूच म्हणाला, "म्हादा, नखं लय वाढलीत."