हिंगणवाडीचा दुसरा मास्तर

"यंदा मी हेडमास्तर होणार म्हणजे होणार!" मधुकर मास्तरांनी भाकरी मोडता मोडता बायकोला सांगून टाकलं.

बढाई अगदीच पोकळ नव्हती. हिंगणवाडीच्या शाळेत इयत्ता चार आणि मास्तर एकटे. पहिलीला पाढे द्यावेत तोवर चौथी खिडकीतून पसार! पण तपासणीला चाळीसच्या वर पोरं हजर दिसली, की स्कूल बोर्ड दुसरा मास्तर देई, आणि एकाचे दोन झाले की हेडमास्तर आलाच. मास्तरांनी येणाऱ्यासाठी सुताराकडून तिपाईसुद्धा करून घेतली होती. मुद्दाम आपल्या खुर्चीपेक्षा वीतभर बुटकी!

"पण येणार तरी कोण हो?" क्षमाला भारी उत्सुकता. "तरुण की म्हातारा? गाणारा असला तर बरं."

"कुणी का असेना, मला विचारल्याशिवाय त्यानं घंटासुद्धा वाजवायची नाही!"

अडचण एकच होती. दिपोटीसाहेब तपासणीला येणार ते ऐन गुऱ्हाळात, आणि तेव्हा शाळेत चिटपाखरू नसे. मग मास्तरांनी डोकं चालवलं. पोरं गुऱ्हाळ सोडत नाहीत ना? गुऱ्हाळच शाळेमागं आणू! ते आकारामकडं गेले. त्याचं शेत शाळेला लागूनच होतं.

"मांडतो की मास्तर. पोरास्नी काकवीबी देतो. पन आमचा गुंडा तिसरीतनं हालंना झालाय, त्याचं काय?"

"चौथीत घातला असं समज!"

तपासणीच्या दिवशी सकाळीच काहील उकळायला लागली. "साहेब जाईपर्यंत बसेल त्यालाच काकवी," असं मास्तरांनी बजावलं. पण वारा काही त्यांच्या हुकमातला नव्हता. तो गुळाचा वास घेऊन थेट नदीपल्याड पाचुंद्रीला गेला, आणि तिथली पोरं गुडघाभर पाण्यातून धावत इकडं! शाळा गच्च भरली. खिडकीत पोरं, उंबऱ्यावर पोरं. मास्तर हरखून गेले.

साहेबांना नेमकं पडसं झालेलं. नाकाला रुमाल लावून ते म्हणाले, "मास्तर, पटावर तर इतकी नाहीत!"

"नवी आहेत साहेब! रोज वाढताहेत!"

"आणि यांच्या चड्ड्या ओल्या कशानं?"

साहेबांनी एका गुबगुबीत पोराला उभं केलं. "कुठला रे तू?"

"पाचुंद्रीचा."

"नदीतून चालत आलास? तिकडं शाळा नाही?"

"हाय की साहेब. पन तितं कायबी मिळत न्हाई!"

साहेबांचे डोळे भरून आले. "शिक्षणासाठी पोरं नदी तुडवतात! मास्तर, दुसरा माणूस मिळालाच म्हणून समजा. आता जरा पाचुंद्रीलाही डोकावतो."

पुढचे दिवस हिंगणवाडीत दुसरा विषय नव्हता. मास्तर कुठला, केवढा, कसा? शेवटी हुकूम आला आणि पाठोपाठ बैलगाडी आली. हलगी कडाडली. गाडीतून पांढऱ्या मिशा खाली उतरल्या.

"तात्या, तुम्ही?" मधुकर मास्तर चाटच पडले. हे तर पाचुंद्रीचे मास्तर!

"मीच. साहेब आले तेव्हा शाळेत मी आणि घंटा, दोघंच होतो. शाळा मोडली आणि मला इकडं धाडलं." तात्या बोलत बोलत आत गेले आणि सरळ खुर्चीत बसले.

"तात्या, ती माझी..."

"तुम्ही बिगरीत होता मधुकरराव, तेव्हा मी चौथी शिकवत होतो. ज्याची नोकरी जास्त तो हेडमास्तर. हुकूम नीट वाचा."

वाचला. तक्रार करावी, तर काकवीपासून सगळं सांगावं लागलं असतं. मास्तर गपगुमान तिपाईवर टेकले.

"तिपाई छान आहे," तात्या खुर्चीतून वाकून म्हणाले. "जरा बुटकी झाली, नाही? बरं, विचारल्याशिवाय घंटा वाजवू नका."

संध्याकाळी क्षमा दारातच उभी होती. "अहो, सांगा ना! कोण आला दुसरा मास्तर?"

"मी," असं म्हणून मास्तर पाय धुवायला गेले.