पेन्सिलीतली उत्तरं

सोमवारी सकाळी अकरा वाजता कॉलेजच्या मेसमध्ये मॅनेजरांच्या टेबलावर सूप सांडलं. एरवी यात बातमी काही नव्हती. मेसची आचारीण, जिला सगळं कॉलेज मावशी म्हणायचं, रोज त्या वेळी मीठ बघायला वाटीभर सूप त्यांच्यापुढे आणून ठेवायची आणि मॅनेजर न चाखताच ‘बरोबर आहे’ म्हणायचे. बावीस वर्षं मीठ असंच बरोबर होतं. पण त्या सोमवारी टेबलावर वाटी ठेवायला जागा नव्हती, कारण तिथे विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची उत्तरं पसरलेली होती.

ही उत्तरं म्हणजे मॅनेजरांच्या गळ्याला लागलेली दोरी होती. प्राचार्यबाईंनी पत्रक काढलं होतं की पुढच्या सोमवारी दुपारी विद्यार्थ्यांचं मत घेतलं जाईल. मत विरोधात गेलं तर मेस बंद, आणि तिच्या जागी पाकिटातलं जेवण पुरवणारी एक कंपनी. त्या कंपनीला ना मॅनेजर लागत होता ना मावशी. एक गरम करायचं यंत्र आणि एक कात्री, बस. तोवरही तक्रारपेटीतल्या प्रत्येक प्रश्नाचं लेखी उत्तर नेहमीसारखं दर सोमवारी बोर्डावर लागलंच पाहिजे, असंही पत्रकात होतं.

उत्तरं लिहायची मॅनेजरांची एक पद्धत होती. आधी ते मनात आलेलं खरं उत्तर पेन्सिलीने लिहीत. त्याने डोकं थंड होई. मग त्याच्याखाली शाईने सरकारी उत्तर: ‘आपली सूचना मोलाची आहे. तिची नोंद घेतली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ आणि शेवटी खोडरबराने पेन्सिल पुसून टाकत. वेगळा कागद घ्यायची सोय नव्हती, कारण कागद वाचवण्याबद्दलही एक पत्रक होतं.

त्या दिवशी ते खोडरबर शोधायला ड्रॉवरमध्ये वाकले, त्यांचं कोपर वाटीला लागलं आणि सूप नऊच्या नऊ कागदांवरून वाहत गेलं. तेवढ्यात मागच्या दाराशी बटाट्याचा टेम्पो आला. मॅनेजरांनी फडक्याने कागद टिपले, खिडकीत वाळत घातले आणि पोती मोजायला धावले.

टायपिस्ट नेहमीप्रमाणे साडेअकराला आला. कागदांवरची शाई पार धुऊन गेली होती. सूप इतकं निर्मळ होतं की त्याचा स्वतःचा डागही पडला नव्हता. मुलांचे बॉलपेनने लिहिलेले प्रश्न आणि पेन्सिलीतली उत्तरं मात्र ठणठणीत होती. टायपिस्टने जे वाचता येत होतं ते टाइप केलं. ‘टाइप करताना मी वाचत नाही,’ असं तो अभिमानाने सांगत असे, ‘वाचलं की चुका होतात.’ बारा वाजता त्याने कागद बोर्डावर लावला आणि घरून आणलेला डबा खायला गेला.

सव्वाबाराला मॅनेजरांना बोर्डापुढे गर्दी दिसली. बावीस वर्षांत त्या बोर्डापुढे थांबलेलं त्यांनी फक्त एक मांजर पाहिलं होतं. एक विद्यार्थिनी मोठ्याने वाचत होती.

“प्रश्न: सूपमध्ये भाज्या का सापडत नाहीत? उत्तर: शोधणाऱ्याची चिकाटी कमी पडते.”

मॅनेजर गर्दीत घुसले.

“प्रश्न: आठवड्यातून पाच दिवस बटाटा का? उत्तर: उरलेले दोन दिवस मेस बंद असते. प्रश्न: पाव इतका कडक का? उत्तर: पाव कडक आहे, सूप पातळ आहे. दोघांची गाठ घालून द्या. लग्नं अशीच जमतात.”

“काका, हे तुम्ही लिहिलंय?” कुणीतरी विचारलं.

“छापलंय टायपिस्टने,” मॅनेजर म्हणाले आणि कागद काढायला पुढे झाले. पण एव्हाना चाळीसेक जणांनी त्याचे फोटो काढले होते.

खरा घोळ सहाव्या उत्तराने झाला. ‘भातात खडा सापडला, काय करू?’ असं एकाने विचारलं होतं. पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘जपून ठेवा. तीन जमले की एक चहा फुकट.’ मंगळवारी सकाळी नऊ जण तीन-तीन खडे घेऊन आले. दुपारी साठ. बुधवारी लायब्ररीसमोरच्या खडी टाकलेल्या वाटेवर माती दिसायला लागली.

“हा भातातला नाही,” मॅनेजर सुपारीएवढा दगड हातात धरून म्हणाले.

“कशावरून, काका?”

“हा भातात असता तर पानात भात मावला असता का?”

वाद मिटेना तेव्हा भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, अर्धा तास शंभरेक दगड तपासले आणि निकाल दिला की सगळे लायब्ररीच्या वाटेवरचे आहेत. मग खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. “हे तीन मात्र अस्सल आहेत. नऊ वर्षांपासून ठेवलेत. साखर कमी.”

बुधवारी दुपारी एक बाई थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात अर्ज होता. ‘आईच्या हातची चव इथे का येत नाही?’ या प्रश्नाला पेन्सिलीने ‘आपल्या आईने येथे अर्ज केलेला नाही’ असं उत्तर दिलं होतं.

“मी त्याची आई,” त्या म्हणाल्या. “अर्ज कुणाकडे द्यायचा?”

मावशी आधीच तापलेली होती. सूपवरचं उत्तर तिला सोमवारीच तीन जणांनी तीन वेळा वाचून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून ती मॅनेजरांशी फक्त झाकणं आपटून बोलत होती. तिने डाव खाली ठेवला. “द्या माझ्याकडे. आधी चव घ्या. नावं ठेवायचीत ती खाऊन ठेवा.”

आईने सूप चाखलं, भाजी चाखली, भात बोटांनी दाबून पाहिला. मॅनेजर दाराआड उभे होते.

“अहो, बरं आहे की हे,” आई म्हणाली. “आणि हा मुलगा घरी आला की मला म्हणतो, आई, मेसचं जेवण कितीतरी बरं.”

“मेल्या,” मावशी म्हणाली. मुलगा तिथे नव्हता, पण दोघींचं एकमत झालं. त्या दोघी तासभर मुलांबद्दल बोलत बसल्या आणि अर्जाच्या कागदावर मटाराची टरफलं पडली. जाताना आई सूप दाट करायची युक्ती सांगून गेली: त्यात एक बटाटा कुस्करायचा. बटाटे होतेच.

गुरुवारी प्राचार्यबाईंनी मॅनेजरांना बोलावलं. त्यांनी घरी बायकोला सांगून ठेवलं होतं की आज लवकर येईन, बहुधा कायमचाच.

“बसा,” बाई म्हणाल्या. “ती उत्तरं मी वाचली.”

“बाई, ती शाई...”

“मेसमध्ये या आठवड्यात दुप्पट मुलं जेवतायत. पेटीत किती प्रश्न आलेत माहितीय? दोनशे अकरा. एकही तक्रार नाही, नुसते प्रश्न. उत्तर मिळावं म्हणून.” त्यांनी आवाज खाली आणला. “सोमवारी अशीच नऊ उत्तरं लावा. दुपारी मतदान आहे, मेस वाचायची तर त्यावरच. आणि मला आधी दाखवू नका. मलाही बोर्डावरच वाचायची आहेत.”

मॅनेजर घरी जाऊन जेवणाच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसले. शुक्रवार गेला. शनिवार गेला. आता विनोद हेच सरकारी काम झालं होतं, आणि सरकारी काम म्हटलं की त्यांच्या हातून एकच वाक्य उतरत असे.

“सुचतंय का काही?” बायकोने विचारलं.

“तू काहीतरी सुचव.”

“मी? तीस वर्षांत घरात तुम्ही एकदा हसवलं असतं तर मला मासला तरी मिळाला असता.”

“लोक म्हणतात मी फार विनोदी आहे.”

“लोकांना तुम्ही फक्त जेवणाच्या वेळेला दिसता.”

रविवारी दुपारपर्यंत पेन्सिल निम्मी झाली, तीही टोक काढून काढून. ‘केळी काळी का असतात?’ या प्रश्नावर त्यांनी दीड तास घालवला. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. शेवटी त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, शाईचं पेन उघडलं आणि बावीस वर्षांच्या हाताने नऊ प्रश्नांखाली नऊ वेळा तेच एक उत्तर लिहून टाकलं. मेस जायचीच असेल तर निदान रीतसर जाऊ दे, असा विचार त्यांनी केला.

सोमवारी बारा वाजता कागद लागला. मॅनेजर स्वयंपाकघरात मावशीशेजारी स्टुलावर बसले. मावशीने सूप पुढे केलं. पहिल्यांदाच त्यांनी ते प्यायलं.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले.

“बावीस वर्षं कमीच आहे,” मावशी म्हणाली.

बाहेर ती विद्यार्थिनी मोठ्याने वाचायला लागली. “प्रश्न: केळी काळी का असतात? उत्तर: आपली सूचना मोलाची आहे. तिची नोंद घेतली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.”

 मग कुणीतरी फिसकन हसलं.

“प्रश्न: जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे नेहमी उंच मुलगाच का येतो? उत्तर: आपली सूचना मोलाची आहे...”

तिसऱ्या उत्तराला सगळी मेस सुरात म्हणायला लागली. ‘योग्य ती कार्यवाही’ला एक जण बाकावरून खाली पडला. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक डोळे पुसत होते. ‘काका माझ्याकडे कधी हसून का बघत नाहीत?’ हा नववा प्रश्न होता. त्याचं उत्तर कुणालाच ऐकू आलं नाही.

दुपारी मतं मोजली तेव्हा कंपनीच्या बाजूने चार मतं पडली होती. प्राचार्यबाई स्वतः मेसमध्ये आल्या. हसून हसून त्यांचा आवाज बसला होता.

“नऊ प्रश्न आणि एकच उत्तर. आणि चेहऱ्यावरची रेष हलू न देता,” त्या म्हणाल्या. “मॅनेजर, हे तुम्हाला सुचलं तरी कसं?”

मॅनेजरांनी जरा विचार केला.

“बाई,” ते म्हणाले, “मी बावीस वर्षं हेच लावतोय.”