एक जून न मानणाऱ्या सिस्टर

आमच्या अंबरनाथच्या हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर कुणी जन्मतारीख एक जून सांगितली, की वाघमारे सिस्टर कीबोर्डवरचे हात उचलतात. "ही मास्तरांची झाली. तुमच्या आईची सांगा."

आमच्या भागात पोराला शाळेत घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही, की मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे बुवापाड्यापासून बेलवलीपर्यंत अर्धी माणसं एकाच दिवशी जन्मलेली आहेत. सिस्टरांना हे पटत नाही.

"पावसात झालात की भातकापणीला?" त्यांनी एका आजोबांना विचारलं.

"मला काय ठाव? मी तवा लहान होतो."

सिस्टरांनी आजोबांच्या मोठ्या बहिणीला आत बोलावून घेतलं.

आधार कार्डावरची तारीख आमच्या खिडकीवर बदलता येत नाही. म्हणून खरी हकीकत त्या 'ओळखीची खूण' या रकान्यात भरतात. बाकीचे तिथे 'तीळ' लिहून पुढे जातात. सिस्टर लिहितात, 'डाव्या भुवईवर विळ्याचा वण. माहेर चिखलोली. भातकापणीत जन्म.' जागा पुरेना, तेव्हा कॉम्प्युटर कंपनीच्या माणसाच्या मागे लागून त्यांनी तो रकाना मोठा करून घेतला. उल्हासनगर कॅम्प एकचे एक कापडवाले शेठ वैतागले होते. "बहनजी, बुखार आया है. कुंडली क्यों निकाल रही हो?"

"दवा तुमकोच मिलनी चाहिए ना, दादा. तुम्हारे नाम का और एक है इधर."

तीस वर्षं वॉर्डात काढल्यावर गुडघे गेले, म्हणून त्यांना खिडकीवर बसवलं. मला तिथेच पहिली नोकरी लागली. मी घरातला पहिला पदवीधर. माझी तारीखही एक जूनच. "जा, घरी विचारून ये," त्या म्हणाल्या. आईला वाचता येत नाही. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. पहाटे." पदवीपर्यंत शिकलो, पण हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

तरीही मला सिस्टरांचं काम संथ वाटायचं. साहेबांनी दुबार नोंदी कमी करायला सांगितल्या होत्या. नाव आणि तारीख सारखी दिसली, की कॉम्प्युटर विचारायचा, 'या दोन नोंदी एक करू का?' एका दुपारी मी वीसेक वेळा 'हो' दाबलं. सिस्टरांचा रकाना एकदाही उघडला नाही.

दुसऱ्याच दिवशी लक्ष्मी पवार पायाची जखम चिघळून आल्या. सिस्टर डबा खायला गेल्या होत्या. औषधाची ॲलर्जी असलेल्यांची मनगटपट्टी लाल निघते. यांची पांढरी निघाली. मी ती बांधली आणि बाईंना वॉर्डात पाठवलं.

सिस्टर परतल्या. येताना त्यांना लांबून लक्ष्मीताई वॉर्डाकडे जाताना दिसल्या होत्या. त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. "ही चिखलोलीची लक्ष्मी ना? हिला पांढरी कशी?" आणि त्या गुडघ्यांनिशी त्या जिना चढून गेल्या. धावणं म्हणता येणार नाही, पण मला त्यांना गाठता आलं नाही.

वर इंजेक्शन भरून तयार होतं.

"थांबा. हिला पेनिसिलीन चालत नाही. मागे ओठ सुजून श्वास अडकला होता."

"कॉम्प्युटर तर ॲलर्जी नाही म्हणतोय," डॉक्टर म्हणाले.

"ती दुसरी लक्ष्मी. बदलापूरची. हिलाच विचारा."

लक्ष्मीताईंनी मान हलवली. "तवा मी मेलेच व्हते."

इंजेक्शन बाजूला ठेवलं गेलं. सिस्टरांनी पांढरी पट्टी कात्रीने कापली. ही चूक कुणाची, असं डॉक्टरांनी विचारलं. दोन्ही लक्ष्मींच्या नोंदी आदल्या दुपारी मीच एक केल्या होत्या. नोकरी लागून तीन महिने झाले होते.

"खिडकीची," सिस्टर म्हणाल्या. "खिडकीवर आम्ही दोघं असतो."

खाली आल्यावर त्या रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "भोईर, खुर्ची ओढ. किती जोड्या लावल्यास? सगळ्या सोडवायच्या." संध्याकाळपर्यंत आम्ही एकेक नोंद वेगळी करत होतो. मी नाव वाचायचो, त्या माणूस सांगायच्या.

शेवटून दुसरी जोडी सुमन वाघमारे अशी होती. एक बेलवलीची बाई, दुसऱ्या आमच्या सिस्टर. त्या एकदा तापाने इथेच दाखल झाल्या होत्या. त्यांची नोंद वेगळी करताना मी 'नातेवाइकाचा फोन' वाचला आणि थबकलो.

"सिस्टर, हा तर आपल्या खिडकीचा नंबर आहे."

"मग? रकाना रिकामा सोडला तर पुढे जाऊ देत नाही तो."

"पण तुम्हाला काही झालं, तर फोन तुम्हालाच येणार."

"उचलीन की," त्या म्हणाल्या आणि पुढच्या जोडीकडे बोट दाखवलं.

मी पुढे गेलो नाही. तो नंबर खोडून माझा टाकला. कॉम्प्युटरने नातं विचारलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या.

"भाचा लिही," चष्मा लावत त्या म्हणाल्या. मग टेबलावरचा फोन उचलून त्यांनी पडद्यावर बघत एकेक आकडा दाबला. माझ्या खिशात रिंग वाजायला लागली. मी फोन बाहेर काढला.

"उचलू नको," सिस्टर म्हणाल्या. "वाजू दे जरा."