वाटेत लागलं जपान

श्रीरंग अंतर मैलातच सांगायचा. योकोहामात रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर किलोमीटर लिहिलेले असतात. तिथं राहून हा माणूस स्टेशन पाऊण मैलावर आहे आणि भाजीचं दुकान अर्ध्या मैलावर आहे, असं बोलायचा. आमच्या नितीनचं डोकं फिरायचं.

"अरे, नीट सांग ना. दर वेळी आकडेमोड कशाला करायला लावतोस?"

"सवय ठेवलेली बरी," श्रीरंग शांतपणे म्हणायचा. "तिकडे मैलच आहेत."

तिकडे म्हणजे अमेरिकेत.

मला मात्र त्याच्या मैलांचा कधी त्रास झाला नाही. मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा आमच्या गणितात मैल आणि फर्लांगच होते. किलोमीटर आले तोवर मी शाळा सोडून भाकऱ्या थापायला लागले होते.

भाकरीमुळेच त्याची ओळख झाली. नितीन आणि सून रश्मी, दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत. तीन महिने ये म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सकाळी दोघं गेले की घरात मी एकटी. मला बोलायची फारशी सवय नाही, त्यामुळे काही अडत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात रविवारी भाकऱ्या करत होते, तर बेल वाजली. दारात एक उंच, चष्मा लावलेला मुलगा.

"काकू, वास खाली माझ्या घरात येतोय."

जपानात शेजारी लगेच तक्रार करतात, असं नितीननं मला बजावून ठेवलं होतं. मी घाबरून म्हटलं, "चुकलं बाबा. खिडकी लावते."

"नका लावू," तो म्हणाला आणि पाठीमागे धरलेलं ताट पुढं केलं.

तो श्रीरंग. नितीनच्याच ऑफिसात, आमच्या खालच्या मजल्यावर, एकटा.

एकदा पिठलं द्यायला त्याच्या घरी गेले. घर कसलं, धर्मशाळा. बसायला खुर्ची नाही, खिडकीला पडदा नाही. भिंतीवर फक्त अमेरिकेचा लांबलचक नकाशा, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पेन्सिलीनं ओढलेला एक रस्ता.

"सहासष्ट नंबरचा रस्ता, काकू. शिकागोहून निघतो तो थेट समुद्रावर जाऊन थांबतो. जुना रस्ता आहे. एके काळी सगळी अमेरिका यावरून जायची."

"आणि खुर्ची का नाही?"

"मी अमेरिकेलाच निघालोय. वाटेत जपान लागलं. वाटेत कुणी खुर्च्या घेतं का?"

सहा वर्षं तो वाटेत होता. त्याच्या आईनं फोनवर मुली सुचवल्या, तर तिलाही हेच उत्तर. वाटेत कुठं लग्न करतात? त्याच्या दोन्ही हातांवर घड्याळं असत. डाव्या हातावर जपान, उजव्या हातावर कॅलिफोर्निया. रात्री आमच्याकडे जेवताना मध्येच उजवा हात वर करून बघायचा आणि म्हणायचा, "मन्या आत्ता साखरझोपेत असेल."

मन्या, पक्या आणि बंड्या हे त्याचे सांगलीच्या कॉलेजातले मित्र. होस्टेलच्या खोलीत चौघांनी ठरवलं होतं, की अमेरिकेला जायचं, एक रुंद लाल गाडी घ्यायची आणि हा रस्ता टोकापासून टोकापर्यंत कापायचा. कामंसुद्धा वाटून झाली होती. श्रीरंगनं गाडी चालवायची, कारण तेव्हा चौघांत त्याला एकट्यालाच येत होती. पक्यानं नकाशा बघायचा. बंड्यानं खाणं सांभाळायचं. आणि मन्यानं पाठीमागं बसून ड्रायव्हरशी बोलत राहायचं, म्हणजे त्याला झोप येणार नाही. तिघांना व्हिसा मिळाला. श्रीरंगला दोनदा नाकारला. मग कंपनीनं विचारलं, जपानला जातोस का?

मे महिन्यात जपानात लागून आठवडाभर सुट्ट्या येतात. त्या वर्षी नेमक्या त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या तिघांनी तो रस्ता करायचं ठरवलं, बायकापोरांसकट. 'श्र्या, तू पण ये,' असं त्यांनी कळवलं. श्रीरंगला तिसऱ्यांदा व्हिसाच्या त्या खिडकीपुढं उभं राहायचं नव्हतं. त्यानं गाडी भाड्यानं घेतली. लाल.

"जपानचाही एक जुना रस्ता आहे," त्यानं आम्हाला सांगितलं. "तोकाईदो. टोकियोतल्या एका पुलापासून क्योतोतल्या एका पुलापर्यंत. पूर्वी लोक पायी जायचे. ते तिघं तिकडे समुद्रावर पोचले, की सूर्य बुडताना मला फोन करणार आहेत. त्या वेळी इथं सकाळचे साडेअकरा वाजलेले असतील आणि मी नदीत पाय बुडवून क्योतोच्या पुलाखाली उभा असेन. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. मी फक्त एवढंच म्हणणार, मी पण पोचलो."

नितीन पक्या झाला, रश्मी बंड्या झाली. मग श्रीरंग माझ्याकडे वळला.

"काकू, तुम्ही मन्या."

"अरे, आई?" नितीन म्हणाला. "ती फोनवरसुद्धा मान हलवून हो म्हणते."

"मन्या गप्प बसला तर ड्रायव्हर झोपेल. मग मला बोल लावायचा नाही."

निघालो. गाडीत वाट सांगणारी एक बाई होती, म्हणजे नुसता आवाज. फार अदबीनं बोलायची. मोठा टोलचा रस्ता जवळ आला, की ती त्याला तिकडे वळायची विनंती करायची आणि श्रीरंग तितक्याच अदबीनं तिला मराठीत सांगायचा, "नाही हो बाई. त्या रस्त्यानं नुसतं पोचता येतं." बाई थोडा वेळ गप्प बसायची. मग पुन्हा सुरू.

जुना रस्ता निम्म्या ठिकाणी नव्या रस्त्यात बुडून गेला होता आणि उरलेल्या निम्म्या ठिकाणी लोकांच्या अंगणातून जात होता. एका गल्लीत गाडी शिरली ती दोन्ही बाजूंच्या कुंड्यांमध्ये अडकली. एक आजी केरसुणी घेऊन बाहेर आल्या. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि एकेक कुंडी उचलून आत नेली. श्रीरंग खिडकीतून वाकत राहिला, सुमिमासेन, सुमिमासेन, माफ करा. शेवटी त्यानं त्यांना आमचा एक बेसनाचा लाडू दिला. आजींनी आत जाऊन दोन मोठी संत्री आणून दिली. त्यांची सालं टाकायला वाटेत कुठंही डबा मिळाला नाही, कारण जपानात आपला कचरा आपण घरी न्यायचा असतो. त्यामुळे ती सालं आमच्याबरोबर क्योतोपर्यंत आली.

हाकोनेचा घाट लागला तेव्हा श्रीरंगनं मान खाली टाकून खोटं घोरायला सुरुवात केली. सिग्नल लाल होता, तरी माझा जीव उडाला. मी तोंडात येईल ते बोलायला लागले. तोंडात आली ती आमची चंद्री म्हैस. सासऱ्यांनी तिला लांबच्या बाजारात नेऊन विकलं होतं, ते सांगायला घेतलं.

"बाजार किती लांब?"

"बारा मैल."

त्यानं आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याला पगारवाढ दिली. "ऐकलंस का पक्या? बारा मैल. मग?"

"मग काय. तिसऱ्या दिवशी तिनं नव्या मालकाचं दावं तोडलं आणि घराकडे निघाली."

"वाट कशी कळली तिला?"

"ते म्हशीला विचारायला हवं."

माझं बोलणं इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. चंद्रीला नदीपर्यंत आणली, तेवढ्यात फुजी डोंगर दिसायची जागा आली, आणि ढगांशिवाय काही न दिसल्यामुळे तिघांचं भांडण लागलं. म्हैस नदीकाठीच राहिली.

मुक्कामाची जागा आधी ठरवायची नाही, असा श्रीरंगचा हुकूम होता. अमेरिकेतल्या त्या रस्त्यावर म्हणे लोक मोटेलातच उतरतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हमामात्सुच्या पुढं रस्त्याकडेला गुलाबी दिव्यांची एक इमारत दिसली. पाटीवर मोटेल लिहिलेलं आणि गच्चीवर हातात मशाल घेतलेली अमेरिकेची ती बाई उभी. श्रीरंगचा आवाज भरून आला. "काकू, तिकडचीच बाई आहे बघा."

आत गाड्या लावायच्या जागेलासुद्धा पडदे होते. गाड्यांची किती काळजी घेतात, असं मी मनात म्हटलं. नितीन आणि श्रीरंग आत गेले आणि लगेच बाहेर आले. दोघांचे कान लाल.

"आई, इथं नको. जागा नाहीये."

"रिकामं तर दिसतंय."

"खोल्या तासावर मिळतात, आई," रश्मी म्हणाली आणि ओढणीत तोंड घालून हसायला लागली.

पुढचं मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. एवढं न कळायला मी काही लहान नव्हते. पुढं कितीतरी वेळ गाडीत फक्त ती वाट सांगणारी बाई बोलत होती.

"सहा वर्षं राहतोस ना रे इथं?" शेवटी नितीन म्हणाला.

"मी कुठं राहतोय," श्रीरंग पुटपुटला. "मी वाटेत आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी क्योतोत शिरलो. श्रीरंगनं नवा शर्ट घातला होता. गाडी लावताना, पायऱ्या उतरताना तो आपल्याशीच म्हणत होता, "मी पण पोचलो. मन्या, मी पण पोचलो." कधी हळू, कधी मोठ्यानं, कधी सहज म्हटल्यासारखं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पुलाखाली पाण्यात उतरला. पाणी गार असणार, कारण तो आधी एका पायावर उभा राहिला, मग दुसऱ्या. आम्ही काठावर थांबलो. त्यानं उजव्या हातावरचं घड्याळ बघितलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

मन्याचा आवाज काठापर्यंत ऐकू येत होता.

"श्र्या! समुद्रावर आहोत बघ. शब्द दिला होता ना, केला की नाही फोन?"

"अख्खा रस्ता झाला?" श्रीरंगनं विचारलं. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"अख्खा कुठला रे. दुसऱ्या दिवशीच पोरं कंटाळली. त्या रस्त्यावर काही नाहीये, नुसते पडके पेट्रोल पंप. गाड्या परत देऊन टाकल्या, विमान पकडलं. तीन दिवस इथंच आहोत, पोरांना पाळणे दाखवतोय. तू काय मोठं चुकवलं नाहीस, खरं सांगतो. तू कुठं आहेस?"

मी श्रीरंगकडे बघत होते. त्यानं तोंड उघडलं. तेच वाक्य येणार, म्हणून रश्मीनं माझा हात धरला.

"मी? घरीच," श्रीरंग म्हणाला. "सुट्टी आहे ना."

"पाण्याचा आवाज कसला येतोय?"

"नळ चालू राहिलाय. बरं केलंत रे. पोरं लहान आहेत, इतका वेळ गाडीत कशी बसणार. मजा करा."

फोन मिटून त्यानं नव्या शर्टाच्या खिशात ठेवला. मग काठावर येऊन रुमालानं एकेक पाय नीट पुसला आणि म्हणाला, "बंड्या, लाडू उरलेत का?" रश्मीनं डबा पुढं केला. नितीनला काहीतरी बोलायचं होतं, पण त्यानंही लाडूच घेतला.

दुपारी परत निघालो. मोठा टोलचा रस्ता जवळ आला, तशी बाईनं विनंती केली. श्रीरंगनं काही न बोलता गाडी तिकडे वळवली. बाईलाही नवल वाटलं असावं, बराच वेळ गप्प होती. रस्ता सरळ, रुंद, दोन्ही बाजूंना भिंती. नितीन आणि रश्मी पेंगायला लागले. श्रीरंगचं लक्ष समोर होतं, पण त्याला समोरचं काही दिसत असेल असं वाटेना.

"घर किती लांब आहे रे?" मी विचारलं.

"साडेचारशे किलोमीटर, काकू."

त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी पुढं सरकून त्याच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला.

"किलोमीटर माझ्या शाळेत नव्हते. मला मैलात सांग."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"दोनशे ऐंशी, मन्या."

"मग वेळ आहे," मी म्हटलं. "तर चंद्री नदीपाशी आली. नदीला पूर होता…"