मालक खेळायला बसले तेव्हा

अमेरिकेतल्या या रीनो शहरात जुगाराचं स्लॉट मशीन बिघडलं, की मी शेजारी उभं राहून नुसतं खोकलो तरी ते चालू होतं! ही गोष्ट मी स्वतःच सगळीकडे पसरवलेली आहे.

मी मार्टिन एचार्ट, क्रॅनमर गेमिंग कंपनीचा सर्वांत जुना नोकर. मी लागलो तेव्हा कंपनी म्हणजे लोवेल क्रॅनमरसाहेबांचं गॅरेज होतं. चक्रांवरची चित्रं आम्ही हातानं रंगवायचो. साहेबांची चेरी टोमॅटोसारखी दिसायची आणि माझी घंटा वांग्यासारखी! पुढे चक्रं गेली, पडदे आले. दांडा गेला, बटण आलं. नाणी गेली, चिठ्ठ्या आल्या. दरवेळी मी नव्यानं शिकायला बसलो आणि शिकून होईतो ते जुनं झालं. आता कंपनीची माणसं चार खंडांत पसरलीत आणि माझे गुडघे जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरच थांबतात.

तर, कंपनीच्या पन्नाशीचा समारंभ ठरला. साहेब निवृत्त झाल्यावर आलेले नवे मुख्याधिकारी ट्रेंट मला म्हणाले, "एचार्टकाका, आपलं पहिलं मशीन स्टेजवर ठेवू. साहेब दांडा ओढतील, तीन घंटा येतील, नाणी खळखळतील, टाळ्या! लगेच मी पडदा सारून नवं मशीन दाखवणार. परदेशी गिऱ्हाइकं येतायत."

"तीन घंटा येतील कशा?"

"तुम्ही आणाल!"

"डोळे मिटून आणतो!" मी म्हणालो. अशा वेळी जीभ आवरावी, हे मला या वयातही जमत नाही.

मी तारेनं चक्रं अडकवून ठेवली. समारंभाच्या दुपारी कायदा विभागातल्या मारिसोलबाई आल्या आणि मशीनमध्ये डोकावल्या.

"हे काय? आधीच ठरवलेला निकाल?"

"अहो बाई, नाटक आहे ते."

"नाटक असू द्या. मशीन खरं आहे, नाणी खरी आहेत. परवाना जाईल! काढा ती तार."

काढली. ट्रेंटना हे बाई सांगतील असं मी धरून चाललो. बाईंनी मी सांगेन असं धरलं.

लोवेलसाहेब स्टेजवर आले. ऐंशी पार केलेला माणूस, पण जन्मात एकदाही जुगार खेळलेला नाही. नाणं टाकलं, दांडा ओढला. चेरी, लिंबू, घंटा.

वादकांना काय ठाऊक! त्यांनी विजयाची धून वाजवली, वरून फुगे पडले, पडदा सरकला, आणि सगळ्यांच्या मधोमध साहेब हरलेले उभे!

"काका!" ट्रेंट दात आवळून म्हणाले. मी खोकलो. काही झालं नाही.

"थांबा," साहेब म्हणाले. "अगदी जवळ आलं होतं."

त्यांनी पुन्हा ओढला. या वेळी दोन घंटा आल्या.

"बघितलंस मार्टिन? तापतंय! आता देणार!"

"साहेब, मशीन तापत नसतं."

"तू गप्प बस आणि नाणी दे!" साहेब खुर्ची ओढून बसले.

"प्लग काढा त्याचा!" ट्रेंट कुजबुजले.

"त्याला प्लगच नाही. स्प्रिंगवर चालतं."

गिऱ्हाइकं टेबलं सोडून स्टेजभोवती जमली. जो तो खिसे चाचपून साहेबांना नाणी पुरवू लागला. सूप गार झालं. मागे नवं मशीन दिवे लुकलुकवत एकटंच एका वाढप्याचं स्वागत करत होतं.

साहेबांच्या पत्नी अर्लीनबाई वर आल्या. "अहो, गोळ्यांची वेळ झाली."

"शेवटचं एकदा!"

"ते तुम्ही मघाशीही म्हणालात."

अखेर वयापुढे कुणाचं चालतं? साहेबांनी नवं नाणं टाकलं आणि एकदम पाय जुळवले. "अर्लीन, इथे बस. मी जाऊन आलो. कुणाला हात लावू देऊ नकोस!"

अर्लीनबाई बसल्या. हात त्यांनीही लावला नाही. नुसती आपली जड पर्स अडकवायला काहीतरी शोधलं, आणि ती दांड्याला अडकवली.

खट्! दांडा खाली. घंटा, घंटा, घंटा! नाणी धो धो कोसळली. लोक खुर्च्यांवर चढले. धून पुन्हा वाजली, या वेळी बरोबर!

दाराशी लोवेलसाहेब उभे होते.

"ते माझं होतं! सगळं मी भरलं होतं त्यात! मी उठलो आणि हिला लागलं!"

हे वाक्य मी आयुष्यभर कॅसिनोंत ऐकलंय. रडणाऱ्या बायकांकडून, मशीनचा पत्रा लाथाडणाऱ्या ट्रकवाल्यांकडून. तेव्हा साहेब मला सांगायचे, त्यांना समजाव. सवयीनं माझ्या तोंडून तेच निघालं. "साहेब, मशीनला आठवण नसते."

साहेब म्हणाले, "मार्टिन, तुला कामावरून काढलं."

खरं सांगू? माझ्या दोन्ही गुडघ्यांनी एकदम सुस्कारा सोडला! घरचा ओटा, दोन्ही पाय स्टुलावर... मी निघालोसुद्धा.

तेवढ्यात ट्रेंटनी मागून मिठी मारली. "काका, घाबरू नका! साहेबांना आता तसा अधिकारच नाही. आणि गिऱ्हाइकं नवं मशीन नको म्हणतायत, सगळ्यांना दांड्याचंच हवंय! ते जुळवणारा आपल्याकडे दुसरा आहे तरी कोण? सोमवारी जरा लवकर या!"