सखारामभाऊ आणि भुईतलं गरम पाणी

सखारामभाऊ कुणाच्याही विहिरीचं पाणी आधी तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हे लय दुरून आलं, बाप्पा." लग्नाच्या पंगतीत पहिला भात संपला तरी भाऊंचा पहिला घोट चाललेलाच असायचा.

मेडशीला आमच्या मळ्याला लागूनच त्यांचं घर. तरुणपणी ते दगडांची पाहणी करणाऱ्या एका साहेबाबरोबर हातोडा आणि थैली घेऊन पार बिहारापर्यंत हिंडले होते. लढाई संपली त्या वर्षी वर्तमानपत्रात बाँबबरोबर युरेनियमचं नाव आलं. गाव भ्यालं, भाऊंनी मात्र तो दगड बिहारात हाताळलेला, ते जुना सोयरा भेटावा तसे खुलले.

मी वांगी तोडत असले की ते बांधावर बसून सांगायचे. खोल भुईत पाणी तापतं, दगडाच्या फटींतून वर चढतं, वाटेत युरेनियम गुळासारखं विरघळवून संगं घेतं. जिथं निवतं तिथं काळ्या, जड शिरा ठेवून पुढं जातं. त्यात लाखो वर्षं जातात. सांगताना त्यांचा आवाज असा मऊ व्हायचा की माझी टोपली अर्धीच राहायची. पायाखाली कुणीतरी हळूहळू चालतंय, असं वाटत राहायचं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीत सुरुंग लावला, तर खडकात पोकळी निघाली. आत सगळीकडे पांढरे स्फटिक, उन्हात लखलखणारे. युरेनियम सापडलं म्हणून बोभाटा झाला. एक व्यापारी बैलांची दमणी जुंपून आला, ते तोंडाला उपरणं गुंडाळूनच. आमचे हे भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, तुमी नुसती हो म्हणून मान हलवा.

भाऊंनी मान हलवली नाही. "युरेनियम नाही हे. गारगोटी आहे," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "आपल्या काळ्या दगडात ते कुठून येईन? पण हेबी गरम पाण्यानंच आणून ठेवलं."

दमणी परत गेली. दोन दिवस आमचे हे भाऊंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाऊंनी माझ्याकडे एक लहानसा स्फटिक मागितला, रिसोडला लेकीकडे न्यायला.

त्यांना लेक आहे हे मला तेव्हा कळलं. बायको वारली तेव्हा भाऊ बिहारात होते. चिठ्ठी एका मुक्कामावरून दुसऱ्यावर फिरत राहिली. ते आले तोवर नऊ वर्षांच्या पोरीनं आईचं दुखणं, मरण, सगळं एकटीनं पाहिलं होतं. ती मामाकडे वाढली, तिथूनच लग्न झालं. बापाशी पुन्हा कधी बोलली नाही.

भाऊ चार दिवसांनी परतले. मी मेथीला पाणी देत होते. काय झालं, विचारलं.

"घेतला तिनं. कायले आणला म्हणून नाही इचारलं." ते बांधावर टेकले. "मंग माह्यासाठी भाकर टाकली."

भाऊ खाली मान घालून बांधावरचं गवत उपटत राहिले. मी पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं, आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभी राहिले.