हत्तिणीचं वजन

काढणं हा माझा धंदा आहे. दातांचा डॉक्टर आहे मी! मी हात घातला आणि बाहेर आलं नाही, असं आजवर झालेलं नाही. मग ती अक्कलदाढ असो नाहीतर कुणाच्या सासऱ्यांचा अडून बसलेला सुळा. तेव्हा एका जुन्या गाडीतला फालतू ऐवज काढून तिला शर्यतीच्या लायकीची करणं मला जमणार नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्या नाकावर टिच्चून हे लिहितो आहे. त्यात पहिला नंबर माझ्या बायकोचा!

गाडी माझ्या वडिलांची. गोल दिवे, जाड पत्रा, पुढेमागे चकचकीत बंपर, आणि दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. घरात तिला हत्तीण म्हणत. बाबांनी तिला कधी जोरात पळवलं नाही आणि मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "तू दात उपट, गाडीचं माझं मी बघतो," म्हणायचे. ते गेले आणि हत्तीण माझ्याकडे आली. तेव्हापासून ती इमारतीखाली, माझ्या दवाखान्याच्या बरोबर खाली, आमच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि बायकोची नवी गाडी बाहेर रस्त्यावर, झाडाखाली. झाडावर पक्षी आहेत. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

एके सकाळी गाडीची काच खरवडून बायको वर आली, ती ओलं फडकं हातात घेऊनच.

"अहो, मी भंगारवाल्याशी बोललेय. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येतोय तो."

"कशाला?"

"तुमच्या हत्तिणीला न्यायला. वजनावर ठरलंय."

माझा त्या गाडीवर जीव आहे हो! तिच्या स्टिअरिंगवर बाबांच्या हातांनी झिजलेल्या दोन जागा आहेत. मी हात ठेवतो तेव्हा ते आपोआप तिथेच जातात. पण हे बायकोला सांगणं मला जमणारं नव्हतं. म्हणून मी आवाज चढवला.

"भंगार? चालती गाडी आहे ती!"

"शेवटची कधी चालली?"

"कधी चालली ते सोड! त्याच्या आदल्या रविवारी ती ऑटोक्रॉसमध्ये धावणार आहे!"

ऑटोक्रॉस हा शब्द मी दोनच दिवसांपूर्वी एका पेशंटच्या तोंडून ऐकला होता. त्याच्या तोंडात कापूस असल्यामुळे बाकीचं काही कळलं नव्हतं. तोंडातून शब्द निघून गेल्यावर मी चौकशी केली. मोकळ्या मैदानात नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. शंकू पाडला तर वेळेत दंड वाढतो, वाट चुकली तर फेरी बाद. यात काय अवघड आहे?

बायकोनं फडकं पिळलं. "ठीक आहे. हत्तिणीनं फेरी पूर्ण केली तर ती राहील. बाद झाली तर सोमवारी भंगारात. मग कुरकुर चालणार नाही."

"मंजूर!"

"अरे, तुला गाडी नीट मागे घेता येत नाही," आतून आई म्हणाली.

"शर्यतीत मागे घ्यायची नसते, आई!"

गॅरेजचा मिस्त्री हत्तिणीभोवती फिरला, तिच्या पोटाखाली डोकावला आणि पुसायच्या कपड्याला हात पुसत म्हणाला, "डॉक्टर, इंजिनात दम भरतो. कार्बुरेटर मोठा टाकतो, स्प्रिंगा कापून खाली बसवतो, टायर रुंद लावतो. सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकतो. पण ही वळायची नाही. अंगानं फार जड आहे."

"किती वजन काढायचं?"

"निघेल तेवढं."

दातांच्या डॉक्टरला असं कधी सांगू नये!

मी कामाला लागलो. एक पेशंट झाला की दुसरा आत येईपर्यंत खाली जायचं आणि काहीतरी उपटून आणायचं. मागची सीट काढली, शेजारची सीट काढली, दोन्ही बंपर, स्टेपनी, रेडिओ, काचा, दारांची आतली अस्तरं, छताचं कापड! आणि जिथे काढण्यासारखं काही उरलं नाही, तिथे भोकं पाडली. डिकीच्या तळाची तर चाळणी केली. भोकं पाडणं हाही माझाच धंदा! एकदा मिस्त्रीनं खाली नवा पाइप लावून इंजिन सुरू केलं, तेव्हा माझ्या खुर्चीतल्या पेशंटला वाटलं, आपल्यासाठी मोठं ड्रिल मागवलंय. गळ्यातल्या नॅपकिनसकट गेला. अजून परत आलेला नाही.

फक्त स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मिस्त्री म्हणाला, "छोटं रेसचं टाकू, हलकं असतं." मी म्हणालो, "दुसरं काहीही काढ." तो म्हणाला, "दुसरं काही उरलंय का?"

काढलेलं सगळं घरात गेलं. बंपर बाल्कनीत, काचा पलंगाखाली, स्टेपनी मोरीच्या दाराशी. मागची सीट दिवाणखान्यात ठेवली, तिच्यावर आई दुपारची आडवी होऊ लागली. "यांच्या गाडीत मला कधी एवढी पाय पसरायला जागा नाही मिळाली," म्हणाली.

आता भंगारवाला. ठरलेला माल अधूनमधून डोळ्यांखालून घालायची त्याला सवय होती. पहिल्यांदा आला तेव्हा हत्तिणीवर हात फिरवून खूश होऊन गेला. दुसऱ्यांदा आला आणि जागच्या जागी थबकला.

"डॉक्टरसाहेब, बंपर कुठाय?"

"काढला."

"पुढचा?"

"तोही."

"अहो, मी ताईंशी वजनावर ठरवलंय! तुम्ही रोज माझा माल कमी करताय!"

"तुमचा माल? फेरी पूर्ण झाली की तुमचा काही संबंध नाही!"

"आणि नाही झाली तर?"

मी त्याच्या डोळ्यांदेखत आतला दिवा उपटला.

रविवार उजाडला. मैदानावर मी हत्तीण घेऊन शिरलो तेव्हा लोकांनी कानांवर हात ठेवले. ठेवू देत! मागून बायको तिच्या गाडीतून आई आणि भंगारवाल्याला घेऊन आली. तो म्हणे "आपला माल आहे, नजर ठेवायला हवी" असं सांगून मागे बसला होता. त्याच्या पायाशी माझ्या दवाखान्याचा माल होता. दातांचे साचे घ्यायला लागतं त्या प्लास्टरच्या दोन गोण्या. आदल्या दिवशी बायकोनंच आणल्या होत्या, कारण माझ्या गाडीत सामान ठेवायला तळच उरला नव्हता.

मी गाडी उभी केली, चाकाखाली वीट लावली. तपासनीस आला. त्यानं चाकं हलवून पाहिली, ब्रेक दाबून पाहिला, बॅटरी ओढून पाहिली, डिकी उघडून पाहिली.

"आत काही सुटं नाही ना? सुटी वस्तू चालत नाही."

"आत काहीच नाही!"

"ते दिसतंय," तो म्हणाला आणि जाताजाता त्यानं गाडीला सहज हात टेकला. हत्तीण सरकली ती विटेला जाऊन अडली. तपासनिसाचं लक्ष नव्हतं, पण आईचं होतं.

शर्यतीआधी वाट पायी चालून पाठ करायची असते. मी शंकू मोजत निघालो आणि इकडे काय झालं ते मला फार उशिरा कळलं. आई भंगारवाल्याला म्हणाली, "अहो, एका हातानं हलली! वळणावर वारा आला तर पोर उलटेल माझं! हिच्यात काहीतरी जड ठेवा." त्या माणसानं महिनाभर त्या गाडीतून फक्त वस्तू बाहेर जाताना पाहिल्या होत्या. वजन आत घालायचं म्हटल्यावर त्याचा चेहराच खुलला. "आजी, तुम्ही बाजूला व्हा!" म्हणत त्यानं प्लास्टरच्या दोन्ही गोण्या उचलून हत्तिणीच्या डिकीत टाकल्या आणि झाकण लावलं.

मी नवशिक्यांच्या गटात होतो. माझ्यामागे अजून तिघे उभे होते. हेल्मेट घातलं, बाबांच्या हातांच्या जागी हात ठेवले आणि मनात म्हटलं, बघाच आता!

झेंडा पडला. हत्तीण सुटली ती अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली! पहिलं वळण आलं. मी डावीकडे वळवली, तोंड डावीकडे गेलं आणि बूड सरळ निघून गेलं. पाठीमागे काहीतरी धपकन इकडून तिकडे गेलं. मला वाटलं, मिस्त्रीनं स्प्रिंगा जास्त कापल्या. दुसऱ्या वळणावर पाइप निखळला. कडेनं भंगारवाला धावत होता. "हळू! साहेब, हळू! पाइप पडला! आरसा जपा!" आरसा त्याच क्षणी पडला. मी थांबतोय होय!

टोकाच्या शंकूला वळसा घालून परत यायचं होतं. मी वळसा घातला, पण बूड काही थांबेना. त्यानं आणखी एक वळसा घातला! शंकू मधे, आम्ही भोवती, आणि मागे पांढरे लोट. लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, टायरांतून धूर निघतोय. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी! तशीच गाडी सरळ केली, दोन शंकू लोळवले आणि शेवटची रेघ ओलांडली. फेरी पूर्ण!

हेल्मेट काढून वळून पाहिलं आणि मग कळलं. डिकीच्या चाळणीवर गोण्या फाटल्या होत्या आणि मी गेलो होतो त्या सगळ्या वाटेवर प्लास्टरची जाड पांढरी रेघ पडली होती. माझ्यामागच्या नवशिक्याला वाटलं, काय सोय केलीय! तो रेघेवरून निघाला आणि टोकाच्या शंकूला त्यानंही इमानेइतबारे दोन वळसे घातले. दुसऱ्यानंही घातले. तिसऱ्याला त्या गोलातून बाहेर कुठून पडायचं तेच सापडेना, तो आला त्याच वाटेनं परत गेला आणि बाद झाला. म्हणजे मी शेवटचा आलो नाही. हे नोंदवून ठेवा!

तपासनीस आला. बोटावर पांढरं.

"हे काय आहे?"

"प्लास्टर."

"गाडीत सुटी वस्तू चालत नाही म्हणून सांगितलं होतं."

"कुठाय वस्तू?" मी डिकी उघडली. आत दोन रिकाम्या पिशव्या होत्या. आई आकाशाकडे बघत होती.

तो डिकीच्या भोकांमधून खालच्या जमिनीकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "जादा वळशानं वेळ गेला, वाट नाही चुकली. फेरी धरतो. पण मैदान झाडून द्यायचं."

झाडलं! ताठ मानेनं झाडलं. टोकाच्या शंकूभोवती तर दोनदा झाडलं. आणि खराटा खांद्यावर टाकून बायकोसमोर उभा राहिलो.

"फेरी पूर्ण! गाडी राहणार!"

"फेरी गाडीनं पूर्ण करायची होती," बायको म्हणाली. "गाडी आहे कुठे? पाइप त्या वळणावर, आरसा या वळणावर, आणि उरलेली माझ्या दिवाणखान्यात!"

"स्टिअरिंग आहे ना!" मी ओरडलो. "बाबांच्या हातांच्या जागा आहेत त्याच्यावर! तेवढं जाग्यावर आहे तोवर ती अख्खी गाडी आहे!"

जे बोलायचं नव्हतं ते निघून गेलं. आईनं पदर डोळ्यांना लावला. बायकोनं स्टिअरिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भंगारवाल्याकडे वळून जरा नरमाईनं म्हणाली, "दादा, तुम्हीच सांगा. काय करायचं?"

भंगारवाला गाडीभोवती एक फेरी मारून आला. बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून पाहिला. मागे जाऊन दोन हातांनी गाडी उचलून पाहिली. तिचं मागचं चाक जमिनीवरून सुटलं! त्यानं ती खाली ठेवली आणि हात झटकले.

"ताई, माफ करा. मी नाही घेणार हिला."

"अहो, पण ठरलंय आपलं!"

"ठरली ती हत्तीण होती. हिच्यात आहे काय? फुकट दिलीत तरी टेम्पोचं डिझेल अंगावर पडेल."

मी जिंकलो! भंगारानं नाकारलेली का होईना, गाडी माझी राहिली! सोमवारी भंगारवाला ठरल्या वेळी आला आणि बंपर, स्टेपनी, काचा, रेडिओ असं घरातलं सगळं घेऊन गेला. वजन चांगलं भरलं म्हणे. मागची सीट तेवढी वाचली, कारण आई तिच्यावर झोपली होती आणि उठली नाही.

आता हत्तीण तिच्या जागेवर आहे. आणि बायकोची गाडीही तिथेच आहे! रोज संध्याकाळी ती हत्तिणीच्या बिनकाचेच्या खिडकीतून हात घालून गिअर काढते, एका हातानं तिला भिंतीपर्यंत ढकलते आणि रिकाम्या झालेल्या जागेत स्वतःची गाडी लावते. दुसऱ्या हातात पर्स असते.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, मग हँडब्रेक लावून ठेवा ना!

त्याचंही वजन होतं हो.